फाईलमधले दोन कागद

नवजात बाळाला औषधं-इंजेक्शनं देण्याची सक्ती करणाऱ्या ज्या कायद्याच्या धास्तीने माझ्या नवऱ्याची बाळंतपणाआधीची झोप उडाली होती, तो कायदा गोव्यात नाहीच. भारतातही नाही. तो न्यूयॉर्कचा आहे. मी म्हापशात एका वकिलांच्या हाताखाली काम करते, त्यामुळे हे शोधून काढायला मला फार कष्ट पडले नाहीत. त्याला पटवायला पडले. आणि असा कायदा आपल्याकडे नाही हे त्याला पटलं तेव्हा आमचा वाद मिटायच्या ऐवजी खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आम्ही पेडणे तालुक्यातले. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, घरामागे माडांची बाग आणि बागेत नवऱ्याने बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. ऑक्टोबर ते मार्च त्या भरलेल्या असतात. मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात येणारा परदेशी माणूस दोन दिवसांचा पाहुणा नसतो. तो हंगामभर राहतो, स्कूटर भाड्याने घेतो, आमच्याच पोदेराकडचा पाव खातो, योग शिकतो नाहीतर शिकवतो. नवरा लहानपणापासून या लोकांत वावरलेला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार आणि वाचनही जास्त. त्याला कोणी अडाणी म्हणू नये म्हणून हे आधीच सांगते.

मी गरोदर होते त्या हंगामात आमच्याकडे एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांच्या पहिल्या मुलाच्या वेळी त्यांनी तिकडच्या हॉस्पिटलात इंजेक्शन द्यायला नकार दिला होता, आणि हॉस्पिटलने थेट बालसंरक्षण खात्याला कळवलं होतं. घरी माणसं चौकशीला आली, मूल काढून घेतील की काय या भीतीत त्यांचे दिवस गेले. हे सगळं आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. नवऱ्याने ते मनावर घेतलं आणि मग रात्री फोन हातात घेऊन तो तशाच गोष्टी वाचत बसायला लागला.

त्या गोष्टी खोट्या नव्हत्या. न्यूयॉर्क राज्यात नवजात बाळाच्या डोळ्यांत औषध घालणं आणि त्याला व्हिटॅमिन के देणं बंधनकारक आहे. इलिनॉयमध्ये नकार देणाऱ्या पालकांच्या तक्रारी बालसंरक्षण खात्याकडे गेल्या आणि पुढे त्यातल्या काहींनी कोर्टात दावे घातले. फक्त ते सगळं तिकडचं होतं. नवऱ्याच्या डोक्यात मात्र न्यूयॉर्क आणि म्हापसा एकाच जिल्ह्यात येत होते.

सातव्या महिन्यात त्याने एक छापील यादी तयार केली. तिकडे तिला बर्थ प्लॅन म्हणतात. नाळ लगेच कापायची नाही. बाळ आधी आईच्या छातीवर. पहिल्या दिवशी आंघोळ नको. डोळ्यांत मलम नको. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन नको. कावीळ ब ची लस नको. टाचेतून रक्त काढायचं नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, आमच्या लेखी परवानगीशिवाय बाळाला आमच्या नजरेआड नेऊ नये.

त्या शेवटच्या ओळीवरून मला कळलं की याला सुईपेक्षा माणसांची भीती जास्त आहे.

ती यादी घेऊन आम्ही म्हापशाच्या एका खाजगी हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांना भेटलो. बाई पन्नाशीच्या पुढच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी यादी शांतपणे वाचली आणि पेनाने खुणा करायला सुरुवात केली. नाळ उशिरा कापणं हे आम्ही तसंही करतो, निदान एक मिनिट थांबतो. बाळ छातीवर, हो, तेही करतो. पहिल्या दिवशी आंघोळ आम्हीच घालू देत नाही. डोळ्यांतल्या मलमापाशी त्या थांबल्या आणि बाजूला उभ्या असलेल्या नर्सकडे बघून हसल्या. नर्स म्हणाली, "मलम? आम्ही आज्यांना काजळसुद्धा घालू देत नाही."

नवऱ्याने ज्याला सगळ्यात ठाम विरोध केला होता ती गोष्ट इथे कोणी देतच नव्हतं. डोळ्यांतल्या औषधाची कथा १८८० च्या सुमाराची. आईला गनोरिया हा गुप्तरोग असेल तर बाळाला येणारं अंधत्व सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने टाळता येतं, हे लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं. पुढे थेंब जाऊन अँटिबायोटिक मलम आलं, पण अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सक्ती तशीच राहिली. आपल्याकडे ते सरसकट घालत नाहीत. एका यादीतली निम्मी कलमं अशी आधीच निकालात निघाली आणि नवरा थोडा खट्टू झाला. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाला समोरचा हो म्हणाला की जसं होतं तसं.

टाचेतल्या रक्ताच्या तपासणीला तो पाच मिनिटांत कबूल झाला. थायरॉइड जन्मतः काम करत नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू केल्यास मूल व्यवस्थित वाढतं, उशीर झाला तर बुद्धीवर परिणाम होतो तो कायमचा. आपल्या देशात हजारात एखाद्या बाळाला हा त्रास असतो. बाईंनी हेही सांगितलं की अशी तपासणी राज्य पातळीवर सुरू करणारं गोवा हे देशातलं पहिलं राज्य, २००८ साली. नवऱ्याचा तर्क वेगळाच होता. यात बाळाच्या अंगात काही घालत नाहीत, फक्त काढून घेतात, मग चालेल. माझी हरकत नव्हती. होकार कुठल्याही कारणाने येवो.

उरलं व्हिटॅमिन के आणि लशी.

व्हिटॅमिन केबद्दल बाई बराच वेळ बोलल्या, आणि मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं. तोवर मलाही ते कशाला देतात हे माहीत नव्हतं, आणि मला वाटतं आपल्याकडच्या शंभरातल्या नव्वद आयांना माहीत नसतं. रक्त गोठायला हे जीवनसत्त्व लागतं. मोठ्यांना ते पालेभाजीतून मिळतं आणि आतड्यातले जिवाणूही बनवतात. पोटातल्या बाळाला वारेतून ते अगदी थोडं पोचतं, जन्मतः आतड्यात जिवाणू नसतात, आणि आईच्या दुधात लिटरमागे जेमतेम एक ते चार मायक्रोग्रॅम. इंजेक्शनात एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम.

"मी तिला तांबडी भाजी रोज खायला घालतो," नवरा म्हणाला. खरंच घालत होता.

"घाला. तिच्या रक्ताला चांगली आहे. बाळाच्या रक्तापर्यंत ती पोचत नाही," बाई म्हणाल्या.

ते इंजेक्शन नसेल तर रक्तस्राव तीन वेळांना होऊ शकतो. पहिल्या चोवीस तासांत, बहुतेक आई काही ठरावीक औषधांवर असेल तर. मग दुसऱ्या ते सातव्या दिवसात, बेंबीतून, नाकातून, आतड्यातून. आणि तिसरा प्रकार दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही, मुख्यतः फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांत. तो दुर्मीळ, इंजेक्शन न दिलेल्या एक लाख बाळांत चार ते सात, पण त्यातल्या साधारण निम्म्यांच्या डोक्यात रक्त उतरतं.

"लाखात पाच," नवरा म्हणाला.

"हो, लाखात पाच. कुठली पाच ते मला आधी ओळखता येत नाही. आलं असतं तर बाकीच्यांना मी टोचलं नसतं."

त्याने कर्करोगाचं काढलं. १९९० च्या आसपास ब्रिटनमध्ये एका अभ्यासात या इंजेक्शनाचा आणि मुलांच्या कर्करोगाचा संबंध असावा असं आलं होतं, ते त्याने वाचलं होतं. बाईंनाही ते माहीत होतं. त्यानंतर स्वीडन आणि अमेरिकेत मोठ्या संख्येने मुलं तपासली गेली, संबंध सापडला नाही. उलट २०१३ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये काही महिन्यांच्या आत चार बाळं रक्तस्राव होऊन आली, तिघांच्या डोक्यात. चारही बाळांना हे इंजेक्शन मिळालेलं नव्हतं, आणि पालकांनी दिलेल्या कारणांत हीच कर्करोगाची भीती होती.

मग त्याने मधला मार्ग सुचवला, तोंडावाटे थेंब द्या. युरोपात काही देशांत देतात. बाई म्हणाल्या, देतात, पण पुन्हा पुन्हा द्यावे लागतात आणि पालक एखादा डोस विसरतातच. शिवाय ज्या बाळाच्या यकृतातून पित्त नीट उतरत नाही त्याच्या आतड्यातून हे जीवनसत्त्व शोषलंच जात नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच थेंबांचा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांत म्हणूनच इंजेक्शन आहे. एक किलोच्या वरच्या प्रत्येक बाळाला एक मिलिग्रॅम, मांडीत, एकदाच.

नवरा गप्प झाला आणि मग त्याने तो प्रश्न विचारला ज्यासाठी तो खरा आला होता. "आम्ही नाही म्हटलं तर तुम्ही कोणाला कळवणार?"

"कोणाला कळवू?" बाईंना प्रश्नच समजला नाही. "नाही म्हणालात तर देणार नाही. तसं लिहून द्या म्हणजे झालं."

त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि ते माझ्या खांद्यावर आलं. खरं सांगायचं तर मला मनातून वाटत होतं की बाई म्हणतील, नियम आहे, द्यावंच लागतं. मग मला नवऱ्याच्या विरुद्ध उभं राहावं लागलं नसतं. सरकारला दोन शिव्या घालून आम्ही दोघं घरी आलो असतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे आमच्या सिनियरांपुढे मांडलं. ते आधी हसले. "तुज्या घोवाक सांग, पोलीस येवचे नात." मग चहा मागवला आणि गंभीर झाले.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविडच्या लशीबद्दल निकाल दिला, त्यात कोणावरही लशीची जबरदस्ती करता येणार नाही असं म्हटलं. शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी २०१९ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही असं बजावलं. म्हणजे आजचा कल संमतीकडे आहे.

"पण हा कल नवा आहे," सिनियर म्हणाले आणि खिडकीकडे बोट केलं. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांनी पकडलं आणि याच म्हापशात, क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण १९९० च्या निकालात ती तरतूद काही न्यायालयाने मोडीत काढली नाही. आमच्या ऑफिसापासून फार लांब नाही घडलं ते. त्यामुळे कायदा दंडाला धरू शकतो का, तर धरू शकतो, आणि गोव्याने ते पाहिलेलं आहे.

मग माझ्या बाळाला का नाही? सिनियरांचं उत्तर मला तेव्हा फार कोरडं वाटलं. आता ते पटतं. कायदा सक्तीला उतरतो तो मुख्यतः रोग दुसऱ्याला लागणार असेल तर. लशीची सक्ती मान्य करणारा अमेरिकेतला १९०५ चा जेकबसनचा निकाल, ज्याचं नाव सगळे घेतात, तोही देवीच्या साथीतला आणि एका प्रौढ माणसाचा. व्हिटॅमिन के कमी असलेलं बाळ शेजाऱ्याच्या बाळाला काही करत नाही. त्याचा रक्तस्राव त्याच्यापुरता. तिथे सार्वजनिक आरोग्याचा कायदा लागू होत नाही, तिथे बाळाच्या बाजूने उभा राहणारा दुसरा कायदा लागतो. अमेरिकेतच १९४४ साली, रस्त्यावर धार्मिक मासिकं विकणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात, न्यायालयाने म्हटलं होतं की आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं तर होऊ द्या, मुलांना करता येणार नाही. आपल्याकडे त्या जागी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, बालकल्याण समिती आहे, मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला शिक्षा सांगणारं ७५ वं कलम आहे.

"उद्या बाळाच्या डोक्यात रक्त उतरलं आणि बाप म्हणाला ऑपरेशन नको, तर डॉक्टर गप्प बसणार नाही, बसूही नये. जीव जात असताना चांगल्या हेतूने, संमतीशिवाय केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं ३० वं कलम संरक्षण देतं. पण आज बाळ ठणठणीत आहे. ठणठणीत बाळ घेऊन समितीकडे कोण जाणार?"

हे वाक्य मी घरी घेऊन आले. आजार झाल्यावर कायदा जागा होतो. आजार होऊ नये म्हणून जे करायचं त्या वेळी तो झोपलेला असतो.

सिनियरांनी एक कामाची गोष्टही सांगितली. बारा वर्षांखालच्या मुलासाठी संमती लागते ती पालकाची, न्याय संहितेचं २७ वं कलम बघ. दोन्ही पालकांची एकत्र सही हवी असं तिथे लिहिलेलं नाही. गोव्यात कुटुंबाचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला, तरी उपचाराच्या संमतीपुरती आईची सही कुठे कमी पडत नाही. "फक्त एक लक्षात ठेव. आई हो म्हणते आणि बाप नाही म्हणतो असं दिसलं की खाजगी हॉस्पिटलवाले सुई खाली ठेवतात. त्यांना भांडण नको असतं."

म्हणून मी कागद केला. साध्या पांढऱ्या कागदावर, मराठीत, माझ्या अक्षरात. मी बाळाची आई, बाळाला जन्मानंतर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आणि राष्ट्रीय वेळापत्रकातल्या जन्माच्या वेळच्या लशी देण्यास माझी संमती आहे, मला धोके आणि फायदे समजावून सांगितले आहेत, मी त्या वेळी बोलण्याच्या अवस्थेत नसले तरी ही संमती कायम धरावी. खाली सही, तारीख. पुढच्या तपासणीला तो हॉस्पिटलच्या फाईलला लावून घेतला.

त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं. लपवून केलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग माझ्यात आणि न विचारता टोचणाऱ्यांत फरक काय राहिला असता? तो चिडला. "आपण मिळून ठरवायचं होतं." मी म्हटलं, यादी तू एकट्याने छापलीस. तो उठून बागेत गेला. त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं हे मला आजही वाटतं. आपल्याकडे बाळंतिणीला कोणी काही विचारत नाही. बाळाला उचलतात, टोचतात, आणून देतात, फाईलवर दोन अक्षरं लिहितात. त्याने प्रश्न विचारले म्हणून बाईंनी एवढं समजावलं. माझ्या जावेच्या वेळी याच गोष्टी झाल्या असणार, तिला कोणी एक वाक्यही सांगितलं नव्हतं.

सासूबाई या सगळ्यात कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. नवऱ्याने त्यांना साक्षीला ओढलं, "आई, आमच्या वेळी होती का असली इंजेक्शनं?" त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तेन्ना खंयचीं इंजेक्शनां? पूण तेन्ना सटी मेरेन सगळींच भुरगीं पावनासलीं." सहाव्या रात्रीची सटी पुजेपर्यंत सगळीच मुलं टिकत नसत, हे त्यांनी तांदळातला खडा बाजूला टाकावा तितक्या सहज सांगितलं. त्यांच्या बहिणीचं एक मूल चौथ्या की पाचव्या दिवशी गेलं होतं, बेंबीतून रक्त थांबेना. वयजिणीने, म्हणजे सुईणीने, हळद लावली, कोणी दिश्ट काढली. त्याला काय झालं होतं हे आता कोण सांगणार. नवरा म्हणाला, नाळ नीट बांधली नसेल. असेलही. सासूबाई पुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही त्या मुलाला माझ्या वादात ओढलं नाही.

जुलैत, धुवांधार पावसात, रात्री दुखायला लागलं. पेडण्याहून म्हापशाला जाताना कोलवाळच्या पुलावर पुढचं काही दिसत नव्हतं. मुलगी झाली पहाटे. नाळेसाठी थांबले, छातीवर ठेवली, यादीतल्या मान्य झालेल्या गोष्टी एकेक होत गेल्या. मला टाके घालत होते तेव्हा एक तरुण नर्स फाईल घेऊन आली. ड्युटी बदललेली, तिला आधीचं काही माहीत नव्हतं. हॉस्पिटलने आमच्या भानगडीची नोंद कुठेच केली नव्हती, दोन्ही कागद नुसते एकावर एक टाचले होते. वर नवऱ्याची छापील यादी, खाली माझं पत्र. बाहेर नवऱ्याच्या हातात तिने नकाराचा छापील फॉर्मही देऊन ठेवला होता, कारण वरचा कागद तेच सांगत होता.

"मॅडम, दोन कागद आहेत. कुठला धरू?"

टाके घालताना विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी म्हटलं, "आईचा."

ती तरीही घुटमळली. मग बालरोगतज्ज्ञ बाई आल्या, बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मला त्याने नंतर सांगितलं. त्यांनी नवीन काही समजावलं नाही. म्हणाल्या, आईची लेखी संमती माझ्याकडे आहे आणि ती मला पुरेशी आहे. तुमचा विरोध असेल तर हा फॉर्म भरून द्या, मी दोन्ही कागद वाचून निर्णय घेईन आणि घेतलेला निर्णय माझ्या सहीने लिहीन. त्या फॉर्मवर मजकूर होता की इंजेक्शन न दिल्यास मेंदूत रक्तस्राव, कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो हे मला समजलं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. खाली आई, तिरकी रेघ, वडील, आणि सहीची जागा. तो फॉर्म डॉक्टरांना वाचवण्यासाठी बनवलेला असतो, बाळाला नव्हे, हे मला ऑफिसच्या कामामुळे माहीत आहे. पण ते वाक्य स्वतःच्या नावाखाली वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. नवऱ्याने सही केली नाही. हो असंही म्हणाला नाही. फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

मुलगी माझ्या अंगावर दूध पीत असतानाच तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. रडली, पुन्हा प्यायला लागली.

कावीळ ब च्या लशीवर त्याने पुन्हा एक प्रयत्न केला. माझी तपासणी आधीच झालेली, मला ती कावीळ नाही, मग बाळाला कुठून होणार? प्रश्न रास्त होता. उत्तर असं की तपासणी चुकू शकते, तपासणीनंतरही लागण होऊ शकते, घरातल्या दुसऱ्या कोणाला ती असेल तर त्याला स्वतःलाही माहीत नसतं. आणि जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती जन्मभर राहते. म्हणून पहिल्या चोवीस तासांची घाई. तीही दिली, माझ्याच कागदावर. पोलिओचे दोन थेंब त्याने स्वतः पाजू दिले, त्याला कधी त्यांची भीती नव्हतीच. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, मात्र तिथे मिळाली नाही. तिची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे बाळं जमतील त्या दिवशीच देतात. ती आम्ही नंतर आरोग्य केंद्रात घेतली, डाव्या दंडावर.

घरी आल्यावर त्याला नवी शंका आली, लस नाकारली असती तर जन्माचा दाखला अडवला असता का. नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि लशीचा तिच्याशी संबंध नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून शाळाप्रवेशापासून बऱ्याच कामांना हाच दाखला लागतो, म्हणून ती वेळेत करणं महत्त्वाचं एवढंच. नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नाव मागाहून घालता येतं. आमचं बारशापर्यंत ठरलं नव्हतंच.

सहा आठवड्यांच्या लशींच्या आधी आरोग्य केंद्राची नर्स घरी आली. मी धरून चालले होते की आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. ती पेडण्याचीच, नवऱ्याच्या मामाच्या वाड्यावरची. तिने लशीचा विषय काढलाच नाही. बाळाचं वजन केलं, बेंबी बघितली, सासूबाईंना बाळाच्या तोंडात गुटी आणि मध घालू नका म्हणून दटावलं. जाताना नवऱ्याला म्हणाली, "बुधवारी ये. एकदम पाच-सहा गोष्टी असतात, रडेल, एकटीला सांभाळता येणार नाही." एवढंच. तो आला. पेंटाव्हॅलंट म्हणजे काय काय, रोटा कशाची, न्यूमोकोकल कशाची, हे त्याने तिथे उभं राहून विचारलं आणि मागे रांग असतानाही तिने सांगितलं. मुलीला धरून तोच बसला होता. कोणताही कायदा त्याला त्या बाकड्यावर बसवू शकला नसता, आणि खरं तर मीही नाही.

तरी तो बदलला असं मी म्हणणार नाही. त्याचा छापील कागद अजून कपाटात आहे आणि सही न केलेला फॉर्मही. चौदा आठवड्यांपर्यंतच्या लशी झाल्या, प्रत्येक वेळी आदल्या रात्री तो काहीतरी वाचतो आणि सकाळी काहीतरी विचारतो. आता नवव्या महिन्याची गोवर-रुबेला येते आहे. तिच्याबद्दल तिकडचं वाचायला त्याने सुरुवात केली आहे. परवा म्हणाला, "याबद्दल मी अजून ठरवलेलं नाही."

मी म्हटलं, "ठरव. गोवर शेजाऱ्यालाही लागतो, त्यामुळे या वेळी आमचे सिनियरही तुझ्या बाजूने नसतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आईचा कागद आहे."

त्याने विचारलं, तू तो फाईलमधून परत आणला नाहीस का? नाही आणला. तिथेच आहे, आणि एक प्रत माझ्या पर्समध्ये असते.